स्पॅनिश बोलणाऱ्या लहान मुलांची भाषा-चाळणी: काय तपासायचं आणि कुठे गंडतं

अनुस्वार (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या शाळांत वाचा-भाषा तज्ज्ञ म्हणून काम करणारे किंवा त्या वाटेवर असलेले बरेच जण इथे वाचनमात्र असतात, म्हणून हा धागा. विषय नेमका आहे. घरी स्पॅनिश बोलणारं तीन ते सहा वर्षांचं मूल, शाळा इंग्रजी, आणि बाई सांगतात की मूल बोलत नाही. भाषाविकाराची शंका घ्यायची की नाही, हे पहिल्या तासाभरात कसं ठरवायचं? चाळणी (स्क्रीनिंग) म्हणतात ती हीच.

चूक दोन्ही बाजूंनी होते. इंग्रजी येत नाही एवढ्यावरून धडधाकट मुलाला विकाराचा शिक्का बसतो. नाहीतर 'आधी इंग्रजी येऊ दे, मग बघू' म्हणत खरा विकार असलेलं मूल दोन वर्षं मागच्या बाकावर काढतं. दुसरी चूक जास्त होते, कारण ती समंजसपणासारखी दिसते.

विकार म्हणजे इथे डीएलडी, विकासात्मक भाषाविकार. ऐकू नीट येतं, मतिमंदत्व नाही, स्वमग्नता नाही, तरी भाषा अडते. आयोवात बालवर्गातल्या मुलांचं मोठं सर्वेक्षण १९९७ साली प्रसिद्ध झालं, त्यात हे प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं. ती मुलं एकभाषिक इंग्रजी होती. दोन भाषा कानावर पडल्याने विकार होत नाही. पण असला तर तो दोन्ही भाषांत दिसतो. पुढची सगळी युक्ती या एका वाक्यावर उभी आहे. फक्त इंग्रजीत अडणारं मूल इंग्रजी शिकतंय, एवढंच त्यातून कळतं.

भाषेकडे वळण्याआधी कान तपासा. १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ, २० डेसिबल, दोन्ही कान वेगवेगळे. कानात पाणी साचलेलं मूल अर्धवट ऐकतं, आणि मग पुढच्या सगळ्या चाचण्यांचा निकाल कचऱ्यात.

मग तासांचा हिशेब. 'घरी कुठली भाषा?' असा प्रश्न विचारलात की 'स्पॅनिश' हे उत्तर ठरलेलं, आणि ते निरुपयोगी. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तासातासाने विचारा: कोणाबरोबर होता, समोरचा कुठल्या भाषेत बोलत होता, आणि मूल कुठल्या भाषेत उत्तर देत होतं. ऐकणं आणि बोलणं हे दोन रकाने वेगळे ठेवा. उदाहरणार्थ १४ तास जाग, ६ तास शाळा इंग्रजीत, संध्याकाळी २ तास मोठ्या भावंडांशी इंग्रजीत, उरलेले ६ स्पॅनिश. पाच दिवसांचे ४० इंग्रजी, ३० स्पॅनिश. शनिवार-रविवारच्या २८ तासांत समजा २० स्पॅनिश, ८ इंग्रजी. एकूण ९८ पैकी ४८ इंग्रजी आणि ५० स्पॅनिश. आई खोटं बोलत नव्हती, पण 'घरी स्पॅनिश' म्हणवणाऱ्या या मुलाचं निम्मं आयुष्य इंग्रजीत चाललंय. अशा मुलाला फक्त स्पॅनिशमध्ये तपासणं हेही तितकंच चूक.

बेसा नावाची जी इंग्रजी-स्पॅनिश चाचणी आहे (वय ४ वर्षं ते ६ वर्षं ११ महिने), तिच्यात हा हिशेब मांडायची प्रश्नावलीच दिली आहे. शिवाय वाक्यरचना आणि शब्दार्थ या दोन भागांत दोन्ही भाषांत तपासून ज्या भाषेत गुण जास्त तेच धरायचे, असा तिचा नियम आहे. मुलाच्या चांगल्या भाषेतही गुण कमी आले, तर शंका खरी.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. कामं (टास्क) कुठली घ्यायची ते 'रेघोट्या' चांगलं सांगतील.

दुपारचा_चहा

वाखू (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध शंका. इंग्रजीची चांगली चाचणी आहे ना? तिचं स्पॅनिश भाषांतर करून घ्यायला काय हरकत आहे? भाषांतरकार तर अमेरिकेत गल्लोगल्ली मिळतात.

रेघोट्या

@दुपारचा_चहा, हरकत आहे, आणि ती शब्दांच्या भाषांतराची नाही. इंग्रजीत जे अवघड ते स्पॅनिशमध्ये सोपं असतं, आणि उलटही.

इंग्रजी चाचणीत चेंडू खोक्याच्या 'आत' की 'वर' असा प्रश्न असतो. इंग्रजीत त्याला दोन वेगळी शब्दयोगी अव्ययं लागतात. स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'एन ला काहा' चालतं. भाषांतर झालं, प्रश्न मेला. 'तो' आणि 'ती' या सर्वनामांचा प्रश्न घ्या. स्पॅनिशमध्ये मराठीसारखाच कर्ता गाळता येतो, तेव्हा मुलाने सर्वनाम उच्चारलं नाही म्हणून गुण कापणं म्हणजे त्याला नीट बोलल्याची शिक्षा.

आता उलट बाजू. इंग्रजीत विकाराची सर्वांत पक्की खूण म्हणजे क्रियापदाचा काळ दाखवणारा प्रत्यय गळणं. स्पॅनिश क्रियापदं मुलं बरीच लवकर आणि बऱ्यापैकी बिनचूक वापरतात, विकार असलेलीसुद्धा. तिथे दुखणं दुसरीकडे असतं: नामाआधीची उपपदं, म्हणजे आर्टिकल (एल, ला, लोस, लास), कर्माच्या जागी येणारी चिमुकली सर्वनामं (लो, ला, लोस, लास), आणि विशेषणाचं लिंग-वचन जुळणं. ही सगळी लहान, आघात नसलेली, बोलताना पटकन निसटणारी अक्षरं. भाषांतरित इंग्रजी चाचणी या जागी फिरकतच नाही, कारण इंग्रजीत उपपदं आणि विशेषणं लिंग-वचनाप्रमाणे बदलायची भानगडच नाही.

एक काम जवळून दाखवतो. चित्रात मुलगी सफरचंद खातेय. विचारायचं: 'के आसे ला निन्या कोन ला मान्साना?' म्हणजे मुलगी सफरचंदाचं काय करतेय. सफरचंद प्रश्नातच येऊन गेलंय, त्यामुळे उत्तरात त्याचं सर्वनाम यायला हवं.

'ला कोमे' किंवा 'से ला कोमे': बरोबर. 'कोमिएन्दोला' हेही बरोबर, सर्वनाम मागे चिकटलं एवढंच.
'लो कोमे': लिंग चुकलं. नोंद करा.
नुसतं 'कोमे': सर्वनाम गळलं. नोंद करा.
'कोमे ला मान्साना': व्याकरणाने बरोबर, पण सर्वनाम येतं की नाही ते कळलं नाही. ही चूक म्हणून मोजू नका, तसेच गुणही देऊ नका. दुसरं चित्र घ्या.

चौथ्या प्रकारावर नवशिके हमखास फसतात. किमान आठ-दहा चित्रं हवीत, अर्धी स्त्रीलिंगी, अर्धी पुल्लिंगी. सगळी पुल्लिंगी घेतलीत तर 'लो'चा ठेका धरणारं मूल पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल. आणि शब्द सरळ लिंगाचे निवडा. 'मानो' (हात) ओ-कारान्त असून स्त्रीलिंगी, 'मापा' आ-कारान्त असून पुल्लिंगी, आणि 'आग्वा' (पाणी) स्त्रीलिंगी असून पुढे 'एल' घेतं. असले शब्द चार वर्षांच्या मुलासमोर ठेवायचे नाहीत.

काटेकोर

वरच्यात थोडी भर, बोलीची. 'कुठलं स्पॅनिश' हे विचारल्याशिवाय गुणांकन सुरूच करू नका.

पोर्तो रिको, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक इथल्या बोलीत शब्दाच्या शेवटचा 'स' नुसता श्वास होतो किंवा गळतो. 'लोस पेर्रोस नेग्रोस'चं 'लो पेर्रो नेग्रो' होतं. मेक्सिकोच्या कानाने ऐकणारा तपासनीस तीन ठिकाणी अनेकवचन चुकलं असं लिहून मोकळा होतो. तिथे मोठी माणसंही तशीच बोलतात! अशा मुलाचं वचन तपासायचं तर व्यंजनान्त शब्द घ्या. 'फ्लोर'चं अनेकवचन 'फ्लोरेस', त्यातला 'स' गेला तरी 'फ्लोरे'तला 'ए' उरतो. अनेकवचन कानाला कळतं.

तसंच 'लो'चं. अँडीजच्या डोंगराळ भागात, जिथे केचुआ या मूळ रहिवाशांच्या भाषेशी शतकानुशतकं शेजार आहे, तिथे स्त्रीलिंगी कर्मालाही 'लो' म्हणणं ऐकू येतं, आणि एक्वादोरच्या काही बोलींत कर्म-सर्वनाम गाळलेलं चालतं. स्पेनच्या मध्य भागात पुरुषासाठी 'लो'ऐवजी 'ले'. रेघोट्यांच्या यादीतला दुसरा आणि तिसरा प्रकार या घरांतल्या मुलांना जसाच्या तसा लावू नका. आईचं बोलणं दोन मिनिटं ऐकलं तरी फैसला होतो. आई जी 'चूक' करते ती मुलाची चूक नव्हे.

शब्दसंग्रहात तर आनंदीआनंद. स्ट्रॉ म्हणजे मेक्सिकोत 'पोपोते', पोर्तो रिकोत 'सोर्बेतो', कोलंबियात 'पितीयो'. केळं कुठे 'प्लातानो', कुठे 'गिनेओ', व्हेनेझुएलात 'कांबुर'. 'ग्वाग्वा' क्यूबात बस आणि चिलीत तान्हं बाळ. उत्तरपत्रिकेत एकच शब्द छापलेला असेल तर बाकीचे समासात लिहून ठेवा.

खडूवाली

मला वाटतं इथे सगळ्यांत मोठा खड्डा अजून कुणी दाखवला नाही. ग्वातेमाला किंवा दक्षिण मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबाची घरची भाषा स्पॅनिश नसेलच. माम, किचे, कान्होबाल या माया भाषा, किंवा मिश्तेको. शाळेच्या फॉर्मवर स्पॅनिश लिहिलेलं असतं, कारण कारकुनाने स्पॅनिशमध्येच विचारलेलं असतं, आणि त्या भाषांना कमी लेखलं जातं म्हणून पालकही बोलत नाहीत. मग स्पॅनिश चाचणीत मूल साफ आपटतं, इंग्रजीतही आपटतं, आणि 'दोन्ही भाषांत अडतंय, म्हणजे विकार' असा निष्कर्ष निघतो. धाग्याचा मूळ नियम अगदी प्रामाणिकपणे पाळून काढलेला चुकीचा निष्कर्ष!

प्रश्न असा हवा: 'आजी-आजोबांशी तुम्ही कुठल्या भाषेत बोलता? मुलाशी ते कुठल्या भाषेत बोलतात?' फॉर्मवरच्या उत्तरापेक्षा हे उत्तर खरं.

अनुस्वार

@खडूवाली, +१. हे धाग्यातच यायला हवं होतं.

पालकांना काय विचारायचं याबद्दल. पालकांची काळजी ही फुकटची आणि बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे. १९९८ साली मुख्यतः स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांचं सांगणं आणि दर वाक्यामागच्या व्याकरणाच्या चुका, या दोनच गोष्टी एकत्र धरून विकार असलेली आणि नसलेली मुलं चांगली वेगळी करता आली.

पण 'काही काळजी वाटते का?' असं मोघम विचारलंत तर 'या आब्लारा', बोलेल की हळूहळू, असं उत्तर येतं. किंवा 'एस फ्लोहितो', बोलायचा आळशी आहे. आळशी म्हटलं की ते खोदायचं. 'पारा आब्लार' आळशी, की एकूणच? मोठ्या मुलीच्या मानाने हा किती उशिरा बोलायला लागला? काकूला, शेजारणीला त्याचं बोलणं कळतं, की तुम्हाला मध्ये पडून सांगावं लागतं? कालची गोष्ट सांगताना कोण, कुठे, काय हे कळतं का? घरात आणखी कोणाला बोलायला किंवा वाचायला त्रास झाला होता का? शेवटचा प्रश्न हळू विचारायचा आणि उत्तराला वेळ द्यायचा.

मोगरा_बटाटा

तीन वर्षांखालच्या मुलांचं काय? दोन वर्षांचं मूल चित्र बघून सर्वनाम सांगेल अशी आशा नाही.

रेघोट्या

तिथे पालकांकडून शब्दांची यादी भरून घेणं हाच राजमार्ग. मॅकआर्थर-बेट्स याद्यांची स्पॅनिश आवृत्ती मेक्सिकोच्या बोलीवर बेतलेली आहे. १६ ते ३० महिन्यांसाठीच्या फॉर्मात ६८० शब्द. ८ ते १८ महिन्यांसाठी वेगळा फॉर्म, त्यात हावभावही. भाषांतर नव्हे, शब्द स्पॅनिशमधूनच निवडलेले.

मोजणी कशी करायची ते आकड्यांत बघा. २४ महिन्यांचं मूल, स्पॅनिश शब्द ३८, इंग्रजी २७. दोन वर्षांला ५० शब्द आणि दोन शब्दांची जोडणी, ही ढोबळ रेघ. प्रत्येक भाषा सुटी धरली तर मूल दोन्हींत नापास. पण एकूण शब्द ६५. त्यातले १२ जोडीचे ('पेर्रो'ही येतं आणि त्याचा इंग्रजी शब्दही), म्हणजे संकल्पना ५३. मूल रेघेच्या वर आहे. फक्त एका भाषेची यादी भरून 'उशिरा बोलणारं मूल' ठरवलेली किती प्रकरणं या एका बेरजेने सुटतील!

भरून घेताना दोन गोष्टी बिघडतात. एक, पालक मुलाला समजणाऱ्या शब्दांवरही खूण करतात. 'आई म्हणते ते कळतं' हे वेगळं, 'तोंडाने म्हणतो' हे वेगळं, हे पहिल्या पानावर दोन-तीन शब्द बरोबर बसून भरून दाखवा. दोन, सहाशेऐंशी शब्दांचा कागद कमी शिकलेल्या आईच्या हातात देऊन तुम्ही निघून गेलात तर तो अर्धाच येणार. वाचून दाखवून भरा. वेळ लागतो, इलाज नाही.

सर्वसाधारण विकासाची एएसक्यू प्रश्नावलीही स्पॅनिशमध्ये आहे, प्रत्येक क्षेत्राला ६ प्रश्न, हो १०, कधीकधी ५, अजून नाही ०. पण तिच्यातला 'संवाद' हा भाग सहा प्रश्नांचा, दोन भाषा वेगळ्या न विचारणारा. त्यावर भाषाविकार ठरवू नये, पुढे पाठवायचं की नाही एवढंच.

दुपारचा_चहा

निरर्थक शब्द म्हणून घेण्याची एक चाचणी असते असं ऐकलंय. शब्दच निरर्थक असेल तर भाषेची अडचणच नाही, मग सरसकट सगळ्यांना तीच का लावत नाहीत?

काटेकोर

लावतात, पण 'निरर्थक म्हणजे भाषानिरपेक्ष' हे पूर्ण खरं नाही. निरर्थक शब्दालाही भाषेचा बांधा असतो. स्पॅनिशमध्ये 'मारिपोसा' (फुलपाखरू) सारखे चार अक्षरांचे शब्द बाळांच्या तोंडी असतात, इंग्रजीत बाळांचे शब्द तोकडे आणि शेवटी व्यंजनांचा गुंता. इंग्रजी बांध्याचे निरर्थक शब्द स्पॅनिश मुलाला दिले तर शेवटची व्यंजनं गळतात, आणि ती विकाराने नव्हे, सवयीने गळतात.

स्पॅनिश बांध्याचे नमुने (मी इथे रचलेले, कुठल्या चाचणीतले नाहीत): नोदेमु, पाकुतिमे, बेकुतिफालो. व्यंजन-स्वर, व्यंजन-स्वर, अशी सरळ माळ. नियम असे: आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला, म्हणजे प्रत्येक मुलाला तोच वेग. एकदाच ऐकवायचा. 'पुन्हा म्हणू?' असं लाडाने विचारलंत की चाचणी संपली, कारण आपण मोजतोय ते एकदा ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं. मुलाचं म्हणणं मुद्रित करून नंतर ध्वनीगणिक मोजा. मूल एरवीही सगळीकडे 'र'चा 'ल' करत असेल तर इथे तो बरोबर धरा. स्पॅनिशचा थरथरता 'र्र' तर पाच-सहा वर्षांपर्यंत रुळत असतो, तो निरर्थक शब्दांत नकोच.

बघायचं काय? दोन अक्षरांना सगळीच मुलं जवळपास सारखी. चार-पाच अक्षरांना विकार असलेल्यांची घसरण तीव्र. एकूण टक्केवारीपेक्षा ही घसरण सांगते.

सांगली_हळद

धागा वाचनीय, पण एक खटकतं. एवढ्या चांगल्या युक्त्या आहेत तर सगळ्याच मुलांना सरसकट चाळणी का नाही लावत? ऐकलंय की अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिदलाने (यूएसपीएसटीएफ, कुठली चाळणी सरसकट लावावी हे सुचवणारं तज्ज्ञांचं मंडळ) त्याला हो म्हटलेलं नाही.

काटेकोर

बरोबर ऐकलंत. २००६, २०१५ आणि २०२४, तिन्ही वेळा त्यांचं म्हणणं एकच: कुठलीही लक्षणं नसलेल्या, पालकांना काळजी नसलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सरसकट चाळणी लावण्याचा फायदा-तोटा ठरवायला पुरावा अपुरा. 'लावू नका' असं ते म्हणत नाहीत. आणि ज्याच्या पालकांना काळजी आहे ते मूल त्या वाक्यात येतच नाही, त्याची चाळणी नव्हे, तपासणीच करायची.

आकडेमोड करून बघा, म्हणजे अडचण कळेल. १००० मुलं, ७ टक्के विकार, म्हणजे ७०. चाचणी अशी की विकार असलेल्यांतले ८० टक्के पकडते आणि नसलेल्यांतले ८० टक्के बरोबर सोडते (या क्षेत्रात याला 'चालेल' म्हणतात, ९० म्हणजे 'चांगली'). ७० पैकी ५६ सापडली, १४ निसटली. ९३० धडधाकट मुलांपैकी १८६ उगाच अडकली. चाळणीवर एकूण राहिली २४२, त्यात खरी ५६, म्हणजे चारात एकही नाही. ९०-९० ची चाचणी धरली तरी ६३ खरी आणि ९३ उगाच.

आता हीच चाळणी पालकांनी किंवा बाईंनी आधीच बोट दाखवलेल्या मुलांना लावा. समजा त्यांच्यात दहात तीन खरी. १०० मुलांत ३०, त्यातली २४ सापडली, ७० पैकी १४ उगाच. ३८ पैकी २४ खरी. चाचणी तीच, चित्र पालटलं. स्पॅनिश मुलांच्या बाबतीत चाळणी आधी पालकांच्या प्रश्नाने लावावी असं मी म्हणतो ते याचसाठी.

सांगली_हळद

आता कळलं. धन्यवाद. यातलं ८०-९०चं गणित जाहिरातीत '९० टक्के अचूक' म्हणून येतं तेव्हा बरंच काही दडलेलं असतं तर.

खडूवाली

कायद्याचं थोडं, कारण शाळेत रोज यावरूनच वाद होतो.

अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यानुसार तपासणी मुलाच्या मातृभाषेत किंवा त्याला कळणाऱ्या माध्यमात व्हायला हवी, शक्य असेल तोवर. इंग्रजी कमी येणं हेच मुख्य कारण असेल तर मुलाला त्या कायद्याखाली अपंग ठरवता येत नाही. तीन वर्षांखालच्यांसाठी मुलाचं नाव तपासणीसाठी कळवल्यापासून (रेफरल) ४५ दिवसांत तपासणी आणि योजनेची पहिली बैठक. तीनच्या वर पालकांच्या संमतीपासून ६० दिवस, राज्याने वेगळी मुदत ठरवली नसेल तर. हेड स्टार्ट (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या सरकारी मदतीच्या) बालवाड्यांत मूल यायला लागल्यापासून ४५ दिवसांत विकासाची चाळणी ठरलेली आहे.

'आमच्याकडे इंग्रजी शिकायला दोन वर्षं दिल्याशिवाय तपासत नाहीत' असा नियम कायद्यात कुठेही नाही. वर्गात जादा मदत देऊन बघू, मग तपासू, हे म्हणायला ठीक, पण त्या नावाखाली तपासणी लांबवता येत नाही, असं केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ साली राज्यांना लेखी कळवलेलं आहे.

अवांतर: पालकांना 'घरी स्पॅनिश बंद करा' असा सल्ला देणाऱ्यांनी आधी आईला इंग्रजी किती येतं ते विचारावं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत गप्प बसलेल्या घरात मुलाची कुठलीच भाषा वाढत नाही.

मोगरा_बटाटा

दक्षिण अमेरिकेत कसं करतात? तिथे तर इंग्रजीचा गोंधळच नाही.

अनुस्वार

चिलीचं उदाहरण बघण्यासारखं. तिथे भाषाविकाराला प्रशासनात 'तेल' म्हणतात (स्पॅनिश नावाची आद्याक्षरं, आपल्या घाण्याशी संबंध नाही). ३ वर्षांपासून ५ वर्षं ११ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी खास भाषा-शाळा आहेत, २००२च्या अध्यादेशाने त्यांचा आराखडा ठरला: वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं, आणि भाषातज्ज्ञाची (तिथे फोनोआउदिओलोगो म्हणतात) ३० मिनिटांची सत्रं, एकट्याला किंवा तिघांपर्यंत. कुठल्या चाचण्या लावायच्या तेही २००९च्या अध्यादेशात नावानिशी: ऐकून समजण्याची एक, व्याकरणाची एक, आणि उच्चारातल्या सुलभीकरणाची एक, जिच्यात ३७ शब्द असतात.

चाचण्या ठरवून दिल्याने सगळीकडे एकच मोजपट्टी आली, हे चांगलं. पण शाळेला अनुदान मुलामागे, आणि मूल विकार असलेलं हवं. अशा ठिकाणी सीमारेषेवरचं मूल कुठल्या बाजूला पडेल हे सांगायला नको.

काटेकोर

आणि चिलीतही शेवटचा 'स' श्वासच. तिथल्या प्रमाणांवर (नॉर्म, म्हणजे त्या वयाच्या मुलांचे तुलनेसाठीचे गुण) तपासलेलं मूल आणि मेक्सिकोच्या प्रमाणांवर तपासलेलं मूल यांचे गुण शेजारी ठेवू नका. टेक्सासातल्या मुलाला तर दोन्ही नकोत, कारण दोन्ही प्रमाणं एकभाषिक मुलांची. द्विभाषिक मुलांवर बेतलेलं प्रमाण हवं.

नवी_पाटी

न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना यातलं काय लागू होतं? घरी मराठी, शाळेत इंग्रजी, लक्षणं सारखीच.

रेघोट्या

कायदा जसाच्या तसा लागू. मातृभाषा म्हणजे मराठीही. तासांचा हिशेब, दोन्ही भाषांतल्या शब्दांची बेरीज, पालकांचे प्रश्न, कान तपासणं, हेही तसंच.

लागू होत नाही ते स्पॅनिशचं दुखरं बोट. मराठीत उपपद नाही, कर्म-सर्वनाम सर्रास गाळतात. 'सफरचंदाचं काय करतेय?' 'खातेय.' हे नुसतं 'खातेय' स्पॅनिशमध्ये चूक, मराठीत अस्सल. मराठीची तीन लिंगं आणि भूतकाळात कर्माशी जुळणारं क्रियापद ('तिने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली') या जागा साहजिकच डोळ्यांत भरतात, पण डोळ्यांत भरणं आणि विकाराची खूण असणं यात अंतर आहे. ते अभ्यासाने ठरेपर्यंत शिकव-आणि-बघ पद्धत बरी: मुलाला न येणारी एक गोष्ट आधी तपासा, वीस-तीस मिनिटं खेळातून शिकवा, पुन्हा तपासा. ज्याला फक्त संधी मिळाली नव्हती ते पटकन उचलतं. विकार असलेल्याला बरीच जास्त मदत लागते. किती मदत लागली तेच लिहायचं, गुण दुय्यम.

दुपारचा_चहा

आणि तपासनिसाला स्पॅनिश येतच नसेल तर? दुभाषा चालेल का?

खडूवाली

चालेल, पण मोठं भावंड किंवा आई नाही. आधी दहा मिनिटं दुभाष्याबरोबर बसायचं: चित्राकडे बोट दाखवायचं नाही, मानेने हो-नाही करायचं नाही, प्रश्न सोपा करून विचारायचा नाही, छापलाय तसाच.

मुख्य धोका वेगळाच. चांगला दुभाषा चुका दुरुस्त करतो, आणि आपण दुरुस्त केलं हे त्याला कळतही नाही. मूल म्हणतं 'ला निन्यो कोर्रे', म्हणजे मुलाला स्त्रीलिंगी उपपद. दुभाषा तुम्हाला इंग्रजीत सांगतो 'मुलगा धावतो'. ज्या चुकीसाठी तुम्ही तासभर बसलात ती वाटेतच पुसली गेली. त्यामुळे अर्थ सांगू नका, मूल जे म्हणालं ते स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं लिहा, असं आधीच बजावायचं. मुद्रण करायचं, आणि मूल गेल्यावर दोघांनी मिळून ते ऐकत उपपद न् उपपद कागदावर उतरवायचं.

सांगली_हळद

@रेघोट्या, 'एन ला काहा'बद्दल. स्पॅनिशमध्ये 'आत'ला 'देन्त्रो दे' आणि 'वर'ला 'एन्सिमा दे' आहे की. मग प्रश्न अगदीच मेला असं कसं?

रेघोट्या

आहेत. पण मुलाने नुसतं 'एन' म्हटलं तर ते चूक धरता येत नाही, आणि मुलं नुसतं 'एन'च म्हणतात. 'मेला'ऐवजी 'निकामी' म्हणतो, चालेल?

सांगली_हळद

चालेल. :)